धावेल तितकीच परवडेल

मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटीचे ५१५० ई-बसचे कंत्राट रद्द करण्याचे निर्देश दिले. तोवर ठेकेदार कंपनीकडून ताफ्यात आलेल्या गाड्या होत्या २२० च्या आसपास. बातमी आली आणि ठरल्याप्रमाणे दोन फळ्या पडल्या. एक फळी म्हणाली, आम्ही सांगतच होतो, विजेवरची बस हे श्रीमंत देशांचे खेळणे आहे, अनुदान संपले की आगाराच्या कोपऱ्यात धूळ खात पडेल. दुसऱ्या फळीने हवा, हवामान आणि पुढच्या पिढ्या बाहेर काढल्या आणि पैशांचा विषय काढणाऱ्यालाच मागास ठरवले. गाड्या वेळेवर न मिळणे हे त्या कंत्राटाचे खरे दुखणे होते. त्यावरून बॅटरीवरची बस परवडते की नाही याचा निकाल लागतच नाही. पण इतक्या साध्या गोष्टीकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. शहरातल्या सार्वजनिक वाहतुकीत ई-बस आजच्या किमतींनाही परवडते, मात्र ती दिवसाला पुरेशी धावली तरच. आणि ती पुरेशी धावेल की नाही हे बस बनवणाऱ्याच्या हातात फारसे नसते. ते ठरते रस्त्यावर, आगारात आणि महापालिकेच्या लेखा विभागात. म्हणून ‘ई-बस परवडते का’ हा प्रश्न आपण चुकीच्या खिडकीवर विचारतो आहोत.

आधी सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा युक्तिवाद बाजूला करू. ‘ई-बसला किलोमीटरमागे इतका खर्च येतो, तिकिटातून इतकेच मिळतात, म्हणजे बस तोट्यात.’ वर्तमानपत्रांत हा हिशेब नेमाने येतो. पण तिकिटाच्या पैशांत खर्च भागवणारी डिझेल बस तरी या शहरांत कोणी पाहिली आहे का? मुंबईत बेस्टचे किमान भाडे २०१९ पासून ५ रुपये होते, ते मे २०२५ मध्ये १० झाले. मधली सहा वर्षे डिझेल, सीएनजी, मजुरी, सुटे भाग सगळे महागत होते आणि भाडे जागच्या जागी होते. पुण्याची शहर बससेवा चालवणाऱ्या पीएमपीची तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के वाटून घेते. ही व्यवस्था पुण्यात पहिली ई-बस येण्याच्या कितीतरी आधीची आहे. शहर बससेवा तोट्यात चालवायची हे आपण राजकीय सोयीने केव्हाच ठरवून टाकले आहे, आणि माझ्या मते ते काही अंशी योग्यही आहे. त्यामुळे ई-बसची तुलना तिकिटाच्या उत्पन्नाशी करण्यात अर्थ नाही. त्याच मार्गावर, तितक्याच प्रवाशांसाठी, तितकीच थंड हवा देणारी डिझेल किंवा सीएनजी बस चालवली असती तर किती खर्च आला असता, तुलना तिच्याशी हवी.

ती तुलना करताना विरोधकांचा पहिला मुद्दा मान्य करावाच लागतो, आणि तो जड आहे. ई-बस महाग आहे, थोडीथोडकी नव्हे. १२ मीटर लांबीच्या वातानुकूलित ई-बसची किंमत सव्वा ते दीड कोटीच्या घरात जाते; त्याच मापाची इंधनावरची बस तिच्या निम्म्यात येते. शिवाय डिझेल गाडी घेतली की पंप आगारात आधीच असतो. ई-बससाठी उच्चदाब वीजजोडणी, ट्रान्सफॉर्मर, केबल, चार्जर हे सगळे नव्याने उभे करावे लागते. गोल आकड्यांत बोलायचे तर बसची जादा किंमत आणि चार्जिंगच्या सोयीतला तिचा वाटा मिळून एका गाडीमागे ८० लाख रुपये जास्त गुंतवावे लागतात, असे धरू. मी मुद्दाम ई-बसच्या विरोधात झुकणारा आकडा घेतो आहे.

आता दुसरी बाजू. शहराच्या गर्दीत वातानुकूलित डिझेल बस लिटरला तीनेक किलोमीटर जाते. डिझेल ९० रुपये धरले तर किलोमीटरला ३० रुपये नुसते इंधनाचे. ई-बस किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज खाते. सगळे आकार धरून युनिट ८ रुपयांना पडले तर १० रुपये. म्हणजे दर किलोमीटरला २० रुपयांची बचत. बॅटरी बदलण्याचा पुढचा खर्च आणि इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ऑइल यांच्या देखभालीत होणारी बचत मी समोरासमोर ठेवून दोन्ही सोडून देतो. काटेकोर हिशेबनीस इथे भुवई उंचावेल. उंचावू दे, मुद्दा त्याने बदलत नाही.

८० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १२ वर्षांत फेडायचे तर वर्षाचा हप्ता पावणेबारा लाखांच्या जवळ जातो. किलोमीटरला २० रुपये वाचतात, तर हप्ता भागवायला वर्षाला सुमारे ५८,७०० किलोमीटर धावावे लागेल. दुरुस्तीचे दिवस वगळून वर्षात ३३० दिवस गाडी रस्त्यावर असते असे धरले, तर रोज १७८ किलोमीटर. हाच तो उंबरठा. याच्या खाली ई-बस डिझेलपेक्षा महाग, वर स्वस्त. रोज २१० किलोमीटर धावणारी बस सगळे हप्ते भागवून वर्षाला दोन लाखांहून अधिक वाचवते. रोज १४० किलोमीटर धावणारी तीच बस, तीच बॅटरी, तोच चालक, वर्षाला अडीच लाखांचा जादा खड्डा पाडते.

बसच्या रचनेत काहीही न बदलता नफ्याचे तोट्यात रूपांतर कशाने झाले? गाडी दिवसात १४ तास बाहेर असते असे समजा. ताशी सरासरी १० किलोमीटर वेगाने ती १४० किलोमीटर कापते, १५ च्या वेगाने २१०. ई-बसच्या सगळ्या अर्थकारणाचा काटा ताशी या पाच किलोमीटरवर फिरतो. डिझेल बसचे असे नसते. ती अडकली तर इंधन जळते, पण ती मुळात स्वस्त असल्याने तिचे उभे राहणेही स्वस्त असते. ई-बसचा बहुतेक खर्च ती विकत घेतली त्याच दिवशी झालेला असतो. वाड्याचे कर्ज काढून फक्त ओसरी भाड्याने द्यावी, तसे कोंडीत उभ्या असलेल्या ई-बसचे होते.

आता पुण्याकडे बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएमपीने भेकराईनगर आणि निगडी आगारांतून ई-बस सुरू केल्या, तेव्हा देशातल्या मोजक्या शहरांत पुणे होते. कौतुक करण्यासारखीच गोष्ट. पण हेच ते शहर, ज्याने २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, देशातला पहिला प्रयोग केला आणि मग तो हळूहळू मरू दिला. नगर रस्त्यावरची मार्गिका तर अलीकडे चक्क काढून टाकली. कारण काय दिले गेले? वाहतूक कोंडी. बसला वेगळी जागा दिल्याने मोटारींना जागा उरत नाही, हा तो तर्क. एका हाताने महागडी ई-बस घ्यायची आणि दुसऱ्या हाताने ती जिथे वेगाने धावू शकली असती ती मार्गिका उखडायची, या दोन निर्णयांचा एकमेकांशी संबंध आहे हे महापालिकेच्या कोणत्या बैठकीत कोणी बोलले असेल असे मला वाटत नाही. त्यात ठेक्याची गंमत अशी, की या बस खासगी ठेकेदाराच्या असतात आणि त्याच्याशी होणाऱ्या करारांत रोजच्या किमान अंतराची हमी असते. कोंडीमुळे फेऱ्या रद्द झाल्या तरी न धावलेल्या किलोमीटरचे पैसे ठरल्या प्रमाणात ठेकेदाराला मोजावे लागतात. म्हणजे मार्गिका उखडण्याचा खर्च पीएमपीच्या खात्यावर ‘ई-बसचा तोटा’ म्हणून चढतो. अहमदाबादने २००९ मध्ये सुरू केलेला जनमार्ग टिकवला आणि पुढे त्यावरच ई-बस आणल्या. तिथली बीआरटी निर्दोष नाही, पण तिथे बसला चालायला जागा तरी आहे.

‘रबरी चाकांवरची वीज मुंबईत एकदा येऊन गेली आहे’ असे जुन्या आठवणी असलेले लोक म्हणतात, आणि ते खोटे नाही. १९६२ मध्ये मुंबईत ट्रॉलीबस आल्या, डोक्यावर तारा धरून काही वर्षे धावल्या आणि १९७१ मध्ये बंद झाल्या. त्याहून मोठा दाखला ट्रामचा. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम सुरू झाली, त्याआधी १८७४ पासून घोडे ती ओढत होते. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि तो अध्याय मिटला. मग विजेची सार्वजनिक वाहतूक मुंबईने दोनदा नाकारली असे म्हणायचे का? ट्राम वीज महाग झाली म्हणून मेली नाही. तिचे रूळ रस्त्याच्या मधोमध, त्याच रस्त्यावर मोटारी आणि ट्रक वाढत गेले, ट्रामला कडेला सरकता येईना. जिची सगळी गुंतवणूक जमिनीत गाडलेली होती ती ट्राम गर्दीत रांगू लागली, आणि जिची गुंतवणूक चाकांवर होती ती बस वळसा घालून निघून गेली. भांडवल जास्त आणि चालवण्याचा खर्च कमी, अशा साधनाला मोकळी वाट नाकारली की ते महाग पडते, हे मुंबईने साठ वर्षांपूर्वी अनुभवले आहे. आज आपण तोच प्रयोग बॅटरी लावून पुन्हा करतो आहोत.

आणि मोकळी वाट दिली की काय होते, तेही याच शहराने पाहिले. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी बोरीबंदरच्या तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली. तारा, खांब, उपकेंद्रे, नवे डबे; कोळशाच्या इंजिनांच्या देशात हा केवढा उधळेपणा वाटला असेल! पण वीज पहिल्यांदा कुठे आली ते पाहा. ती नागपूरच्या वाटेवर आली नाही, मनमाडला आली नाही. ती आली उपनगरी मार्गावर, जिथे एकामागून एक गाड्या सुटत होत्या. त्यानंतर घाटात, जिथे चढाला इंजिने दमत होती. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन निघाली ती विजेवरच. देशभरातले ब्रॉडगेज जवळपास पूर्ण विद्युतीकृत व्हायला मात्र पुढची सुमारे शंभर वर्षे गेली. त्या काळच्या अभियंत्यांना जे उमजले ते आपल्या निविदा काढणाऱ्यांना का उमजू नये? जिथे फेऱ्या दाट, तिथे तार आधी पोहोचते, कारण तिथेच ती स्वतःचे पैसे फेडते.

यानंतर अनुदानाचा आक्षेप. ‘सरकारी पैसा काढून घ्या आणि मग बोला’ असे विरोधक म्हणतात. केंद्राच्या २०१९ च्या फेम-२ योजनेत ई-बसला किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मिळत होती, त्यानंतर पीएम ई-बस सेवा आली, मग पीएम ई-ड्राइव्ह. आक्षेपात तथ्य आहे. मदतीशिवाय पहिल्या काही हजार बस आल्याच नसत्या. मात्र त्या मदतीने काय साधले तेही बघायला हवे. २०२२ मध्ये कन्व्हर्जन्स एनर्जी सर्व्हिसेस या केंद्रीय कंपनीने दिल्ली, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांसाठी ५४५० बसची एकत्र निविदा काढली. १२ मीटर बसचा सर्वांत कमी दर आला किलोमीटरला ४३ रुपये ४९ पैसे, ९ मीटरचा ३९ रुपये २१ पैसे, वीज त्यातच धरून. प्रत्येक शहराने आपापली वेगळी निविदा काढून मिळवलेले आधीचे दर यापेक्षा बरेच चढे होते. पाच शहरांनी एका रांगेत उभे राहून घाऊक भाव मागितला, अटी सारख्या ठेवल्या, तेव्हा किंमत उतरली. मुंबई-पुणे त्या रांगेत नव्हते, हे आपल्याकडच्या चर्चेत फारसे कोणी सांगत नाही.

इथे एक शंका मला स्वतःलाही सतावते. हे दर फार खाली तर गेले नाहीत ना? कंत्राट मिळवण्यासाठी कमी बोली लावायची आणि मग गाड्या पुरवायला उशीर करायचा, किंवा चालकांच्या पगारात कात्री लावायची, ही आपल्या ठेकेदारीची जुनी खोड आहे. किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देऊन बस आणि चालक दोन्ही खासगी कंपनीचे, वाहक आणि तिकिटाचे पैसे परिवहन उपक्रमाचे, या पद्धतीने देशातल्या बहुतेक ई-बस चालतात. मुंबईत तिचे परिणाम डोळ्यांसमोर आहेत. बेस्टचा स्वतःचा ताफा ३३३७ च्या खाली जाऊ देणार नाही असे २०१९ मध्ये कामगारांना सांगितले गेले. आज तो त्या आकड्याच्या आसपासही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरील बसच्या चालकांनी बेस्टइतक्या पगारासाठी संप केला आणि शहर दिवसेंदिवस ताटकळले. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरची ई-बस गर्दीत घुसली, माणसे मेली, आणि नव्या प्रकारच्या बससाठी चालकाला किती दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते हा प्रश्न सगळ्यांना एका रात्रीत आठवला.

ई-बसविरोधी मांडणीतला सर्वांत बळकट मुद्दा मला हाच वाटतो, बॅटरीच्या आगीचा किंवा अनुदानाचा नाही. जी स्वस्ताई चालकाच्या पगारातून काढलेली असते तिला स्वस्ताई म्हणायचे नसते. पण याचे खापर विजेवर फोडता येईल का? मुंबईतून गेल्या काही वर्षांत परवडत नाही म्हणून जे ठेकेदार गाशा गुंडाळून गेले, त्यांत सीएनजी आणि डिझेलच्या मिनीबस चालवणारे होते. त्यांच्या गाड्यांत बॅटरी नव्हती, तरीही ते बुडाले. करार तसाच होता आणि चालकांची ओरडही तीच होती. तेव्हा करार सुधारायचा तर सुधारा: चालकाचे किमान वेतन दरातच वेगळे दाखवा, प्रशिक्षणाचे तास लिहून घ्या, ते पाळले नाहीत तर किलोमीटरचे पैसे कापा. माझ्या वरच्या हिशेबात चालकाचा पगार दोन्ही बाजूंना सारखाच धरला आहे. ई-बसची बचत इंधनातून येते, ती माणसाच्या खिशातून काढायची गरज नाही. तशी गरज पडत असेल तर बोली खोटी आहे, आणि ती फेटाळण्याची हिंमत निविदा समितीत असली पाहिजे.

व्याजाची गोष्ट राहिली, आणि या सगळ्या वादात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट तीच आहे. वरच्या हिशेबात मी १० टक्के व्याज धरले. तेच ७ टक्के झाले तर ८० लाखांचा वार्षिक हप्ता दहा लाखांवर येतो आणि उंबरठा रोजच्या १७८ किलोमीटरवरून १५३ वर उतरतो. नवी बॅटरी शोधायची नाही, नवे तंत्रज्ञान आणायचे नाही. फक्त तीन टक्के व्याज कमी. मग बँका जास्त व्याज का मागतात? ई-बसची भीती त्यांना आता फारशी उरलेली नाही. त्यांना भीती आहे ती आपल्या परिवहन उपक्रमांची. बिल दिले की पैसे कधी येतील याचा भरवसा नाही. एसटी घ्या. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून, महिलांना अर्धे तिकीट मार्च २०२३ पासून. दोन्ही सवलतींनी प्रवासी वाढले, मला त्या मनापासून पटतात. पण त्यांची भरपाई सरकारी तिजोरीतून येईपर्यंत एसटीच्या पगाराच्या तारखा डळमळतात हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जो उपक्रम स्वतःच्या कर्मचाऱ्यांना वेळेवर पगार देताना धापा टाकतो, त्याच्या १२ वर्षांच्या करारावर बँक कमी व्याजाने पैसे देईल कशी?

केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये यावर एक उपाय काढला: पैसे देण्याच्या हमीची ३४३५ कोटींची योजना, ३८ हजारांहून अधिक ई-बससाठी. परिवहन उपक्रमाने बिल थकवले तर निधीतून ठेकेदाराला पैसे मिळतात आणि ते नंतर वसूल होतात. त्यासाठी राज्याने रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यातून थेट वजावटीला संमती द्यायची. राज्यांना ही अट झोंबते, आणि का झोंबते ते उघड आहे, थकवण्याची मुभा जाते. माझ्या मते बस खरेदीच्या अनुदानापेक्षा या हमीचा रुपया कितीतरी जास्त काम करतो. चिलीची राजधानी सांतियागो हे चीनबाहेर सर्वाधिक ई-बस असलेल्या शहरांपैकी एक. तिथे बसची मालकी आणि बस चालवणे ही दोन कामे वेगळी केली. गाड्यांत पैसे वीज कंपन्यांसारख्या मोठ्या भांडवलदारांनी घातले, चालवणारे वेगळे राहिले, आणि चालवणारा बदलला तरी गाडीचा हप्ता सरकारी व्यवस्थेतून येत राहील अशी तजवीज केली. चिली काही फार श्रीमंत देश नव्हे. पण त्यांनी आधी हप्त्याचा बंदोबस्त केला, मग बस आणल्या.

विजेच्या पुरवठ्याबद्दल थोडे. शंभर बसच्या आगारात प्रत्येक गाडीला रात्री २०० युनिट लागले तर २० हजार युनिट होतात, आणि सहा तासांत चार्जिंग उरकायचे तर तीन मेगावॉटहून अधिक भार. हा छोट्या कारखान्याचा भार आहे. महावितरणकडून तशी जोडणी मिळायला खोदकामाच्या परवानगीपासून उपकेंद्राच्या जागेपर्यंत महिने जातात, आणि तोवर आलेल्या बस उभ्या राहतात. उभ्या राहिलेल्या ई-बसचे काय होते ते वर आलेच. म्हणून आगारातली वीज बसच्या आधी आली पाहिजे. आपल्याकडे उद्घाटन बसचे होते, ट्रान्सफॉर्मरचे होत नाही, त्याला इलाज नाही. दुसरी गोष्ट दरांची. सौर वीज वाढल्यापासून राज्यातले दर दिवसा स्वस्त आणि संध्याकाळी महाग असे झुकू लागले आहेत. शहर बसची गर्दी सकाळी आणि संध्याकाळी असते. दुपारी बारा ते चार प्रवासी भारमान पडते. त्या चार तासांत निम्मा ताफा पाळीपाळीने चार्जरवर लावला तर स्वस्त वीज मिळते, लहान बॅटरीत भागते आणि रोजचे २१० किलोमीटर गाठायला दम राहतो. त्यासाठी फेऱ्यांची वेळापत्रके नव्याने बसवावी लागतील. डिझेलच्या काळातले वेळापत्रक तसेच ठेवून नुसती गाडी बदलली तर आगार व्यवस्थापक वैतागणार आणि दोष पुन्हा बॅटरीला जाणार.

‘वीज तर कोळशाचीच, चंद्रपूर-कोराडीची धुराडी कमी होत नाहीत’ हा मुद्दा मी इथे ताणत नाही. हा लेख पैशांबद्दल आहे. बॅटरीचे सेल बहुतांशी बाहेरून, मुख्यतः चीनमधून येतात, हे खरे आणि काळजीचे. पण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण आयातच करतो. सेल एकदा येतो आणि काही वर्षे चालतो. डिझेल रोज येते आणि रोज जळून जाते.

‘लोकांवर लादू नका, बाजाराला ठरवू द्या’ म्हणणाऱ्यांना दिल्ली आठवते का? जुलै १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या बस सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. तेव्हाचे आक्षेप आजच्या आक्षेपांची जुळी भावंडे वाटावीत: गाडी महाग, तंत्र कच्चे, गॅस भरायला जागा नाही. शेवटचा आक्षेप खराही ठरला. पंपांवर तासन्‌तास रांगा लागल्या, प्रवासी बिनबसचे राहिले. पंप वाढले आणि २००२ च्या अखेरीस सगळा ताफा बदलला. आज पुण्यात ई-बसला विरोध करणारे ‘त्यापेक्षा सीएनजी परवडते’ असे सांगतात तेव्हा मला गंमत वाटते. पंचवीस वर्षांपूर्वी सीएनजी परवडत नाही असे सांगणारेही याच स्वरात बोलत होते. सीएनजीचा दर आता डिझेलच्या जवळ आला आहे, त्यामुळे पुण्यात तुलना सीएनजीशी केली तरी उंबरठा फारसा हलत नाही.

मग एसटीच्या ५१५० बसचे काय? इथे मी विरोधकांच्या बाजूला बराचसा जाऊन बसतो. एसटीची साधी लाल गाडी वातानुकूलित नसते, गावच्या मोकळ्या रस्त्यावर लिटरला शहरातल्या बसपेक्षा बरीच जास्त जाते आणि ई-बसच्या मानाने फारच स्वस्तात बांधून होते. तिच्या जागी ई-बस ठेवली तर किलोमीटरची बचत २० रुपयांवरून जवळपास निम्म्यावर येते आणि किमतीतला फरक वाढतो. उंबरठा इतका वर जातो की तो गाठणे अवघड. त्यात मुक्कामी गाडी. रात्री आठ-नऊला गावात येते, चालक-वाहक ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात, पहाटे पाचला कॉलेजची पोरे आणि बाजारचा माल घेऊन तालुक्याला निघते. त्या गावात ट्रान्सफॉर्मर आधीच शेतीपंपांच्या ओझ्याने वाकलेला असतो. तिथे चार्जर लावून एक गाडी रात्रभर जोडायची म्हणजे एका फेरीसाठी अख्खी पायाभूत सोय उभी करायची. हा अट्टहास कशासाठी?

उलट मुंबई-पुणे पट्ट्यात ई-शिवनेरी धावते, तिथे हिशेब बसतो: वातानुकूलित गाडी, द्रुतगती मार्ग, रोजचे अंतर भरपूर, दोन्ही टोकांना शहरी आगार, घाट उतरताना ब्रेकमधून परत मिळणारी वीज. पुणे-अहिल्यानगर, पुणे-नाशिक, छत्रपती संभाजीनगर-पुणे, ठाणे-नाशिक असे मार्ग निवडून तिथे दाट फेऱ्यांची ई-सेवा देणे शहाणपणाचे. सगळ्या राज्यासाठी एकच मोठा आकडा जाहीर करणे हा मात्र मथळ्यांसाठी घेतलेला निर्णय होता. पुढची निविदा काढताना एसटीने आगारवार यादी करावी: कोणत्या आगाराची गाडी रोज किती किलोमीटर धावते, रात्री कुठे उभी असते, तिथे उच्चदाब जोडणी किती महिन्यांत मिळेल. उंबरठ्याच्या वर असलेल्या मार्गांवर ई-बस, खाली असलेल्या मार्गांवर आणखी काही वर्षे डिझेल. बॅटरी स्वस्त झाली, डिझेल महागले, की उंबरठा खाली सरकेल आणि यादीतली आणखी काही आगारे वर येतील. दरवर्षी मार्चमध्ये ही यादी पुन्हा काढायला एका हुशार लेखापालाला आठवडा पुरेल. आणि पुणे महापालिकेने पुढची मार्गिका उखडण्याचा ठराव आणला, तर त्याच ठरावाखाली एक रकाना असावा: यामुळे पीएमपीच्या ई-बसचा रोजचा सरासरी वेग किती घटेल आणि त्याचे वर्षाला किती लाख कोणी भरायचे.